नाव रंगाचे, रोग पेशीचा

पिकांच्या रोगांना आपल्या लोकांनी जी नावे दिली, ती बहुतेक सारी डोळ्यांना प्रथम दिसणाऱ्या रंगरूपावरून दिली. पानावर पिठासारखी पांढरट भुकटी दिसली, तिला भुरी म्हटले. तांब्याच्या रंगाची पूड दिसली, तो तांबेरा. पान भाजल्यासारखे काळवंडले, तो करपा. केवड्यासारखे पिवळे पडले, तो केवडा. बाजरीच्या कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पात्यांच्या जटा वाढल्या, तेव्हा कोणा मार्मिक शेतकऱ्याने त्या रोगाला ‘गोसावी’ म्हणून टाकले! भाषा शिकविणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हांला ही नावे फार प्रिय आहेत. कोशात बसून घडविलेल्या शंभर पारिभाषिक शब्दांवरून अशी दहा नावे ओवाळून टाकावीत, असे आमचे मत आहे. आणि तरीही ह्याच नावांविषयी आम्हांस आज एक तक्रार मांडावयाची आहे. ती शाळेच्या वार्षिकात मांडण्याचे कारण पुढे येईलच.

तक्रार अशी : भेंडीचे पान पिवळे पडले की त्याला केवडा म्हणतात, आणि काकडी-दोडक्याच्या पानावर पिवळे डाग पडले की त्यालाही केवडाच म्हणतात. नाव एक, पण रोग दोन. आणि त्या दोहोंत मांजर आणि मासा ह्यांच्यात असावे तितके अंतर आहे. भेंडीचा केवडा हा विषाणूचा रोग. तो पांढऱ्या माशीच्या सोंडेतून पानात शिरतो. काकडीचा केवडा पाण्यात पोहणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंपासून होतो, आणि ते पानाच्या पाठीवरील रंध्रांतून आत जातात. थोडे निरखून पाहिले तर दोहोंतील भेद उघड्या डोळ्यांनाही कळतो. भेंडीच्या पानात शिरा पिवळ्या होतात आणि मधला भाग निदान प्रारंभी तरी हिरवा राहतो. काकडीच्या पानात शिरा हिरव्या राहतात आणि त्यांनी आखलेला कोनेदार तुकडा पिवळा होतो. एकाचे चित्र दुसऱ्याच्या नेमके उलट! परंतु नाव एक असल्यामुळे औषधही एकच मागितले जाते. दुकानात पान घेऊन जाणारे गिऱ्हाईक विरळा. ‘केवड्यावरचे द्या’ म्हणणारेच पुष्कळ. मग बुरशीवरील औषध भेंडीवर फवारले जाते. ते विषाणूला शिवत नाही, माशीला मारीत नाही. ते फक्त भेंडीवर बसते आणि भेंडीबरोबर आपल्या स्वयंपाकघरात येते.

नावाच्या गफलतीचे आणखी एक उदाहरण आमच्या गोमंतकीय ताटातलेच आहे. तांबड्या भाजीच्या पानामागे पावसाळ्यात पांढरे, किंचित फुगीर फोड येतात. शास्त्रीय पुस्तके त्यास ‘पांढरा तांबेरा’ म्हणतात. तांबड्या भाजीवरचा पांढरा तांबेरा! ह्या चार शब्दांत रंगांची जी कुस्ती लागली आहे, तिच्यात रोग बिचारा कोठल्या कोठे हरवून जातो. तो तांबेरा नव्हेच. त्याचे कूळ गव्हाच्या तांबेऱ्याशी जुळत नाही, ते काकडीच्या केवड्याशी जुळते. आमच्या घरच्या कोंकणीत तर ‘पानां करपलीं’ ह्या दोन शब्दांत सगळ्यांचाच निकाल लागतो.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, रोगाचे नाव घेण्यापूर्वी पान उलटून पाहावे, आणि पान उलटून पाहताना त्या पानाच्या पेशींत काय चालले असेल ह्याची थोडीतरी कल्पना मनाशी असावी. ही कल्पना हायस्कुलातील मुलामुलींना देता येते. ती दिली जात नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

पान म्हणजे काय, हे थोडक्यात आठवू. पानाची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. पण तेवढ्यात मोठा संसार सामावलेला असतो. वर मेणासारखा पातळ थर, त्याखाली बाह्यत्वचेच्या सपाट पेशी, त्याखाली खांबांसारख्या उभ्या, दाटीने लावलेल्या पेशी आणि त्यांच्याखाली मधेमधे हवेच्या पोकळ्या असलेल्या विरळ पेशी. पाठीवर असंख्य रंध्रे. एका मिलिमीटरच्या लांबीत अशा वीसएक पेशी ओळीने मावाव्यात, इतक्या त्या लहान. प्रत्येक पेशीला बाहेरून काष्ठतंतूंची, म्हणजे सेल्युलोजची, ताठ भिंत असते. भिंतीच्या आत एक अत्यंत नाजूक पटल असते. आणि त्या पटलाच्या आत हिरव्या द्रव्याचे डझनावारी कण असतात. ऊन, पाणी आणि हवेतील कर्बवायू ह्यांची साखर होते ती ह्या कणांत. भिंत पेशीला आकार देते. पण पेशी जिवंत आहे की मेली, हे ठरते त्या पटलावर. ते अभंग आहे तोवर पेशीचा रस पेशीत राहतो. ते फाटले की सारे संपले. पुढचे सर्व विवेचन ह्या पटलाभोवती फिरणार आहे, म्हणून विद्यार्थिमित्रांनी एवढी गोष्ट ध्यानात धरावी.

आता भुरीचे पाहा. दिवाळीच्या सुमारास पाऊस सरतो, रात्री थंड होतात, आणि भोपळ्याच्या वा भेंडीच्या पानावर पीठ सांडल्यासारखे दिसू लागते. हे पीठ म्हणजे बुरशीचे तंतू आणि त्यांवर माळेसारखे लागलेले बीजाणू. भुरीला पानावर पाणी साचलेले लागत नाही. उलट जोराच्या पावसाने ती धुऊनच जाते. वाऱ्याबरोबर आलेला एक बीजाणू पानावर टेकतो, काही तासांत त्याला कोंब फुटतो, कोंबाचे टोक चपटे होऊन पानाला घट्ट चिकटते आणि त्यातून सुईहूनही बारीक खुंटी खालच्या पेशीत घुसू लागते. अशा चिकट टोकांचे सामर्थ्य किती असते, ह्याचा अंदाज भाताच्या करप्याच्या बुरशीवरून यावा : तिच्या टोकात सुमारे ८० वातावरणांचा, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या चाळीसएक पट दाब निर्माण होतो, असे मोजले गेले आहे. भुरीची बुरशी दाबाच्या जोडीला भिंत विरघळविणारे रसही वापरते.

पण खरे नवल पुढेच आहे. भिंत भेदून आत गेलेली ही खुंटी ते नाजूक पटल फाडीत नाही. ती त्याला आत लोटते; जणू फुग्यात बोट खुपसावे आणि फुगा फुटू नये. पटलाच्या त्या खळग्यात बुरशी आपले एक शोषक अंग वाढविते. त्याला बोटांसारखे फाटेही फुटतात. आता बुरशी पेशीच्या घरात आहे, पण पेशी जिवंत आहे. साखर तयार होत आहे, आणि ती त्या शोषक अंगातून वर, पानाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या तंतूंना पोहोचत आहे. एक दिवसाच्या आत एवढे घडते. पुढे आठवडाभरात त्या एका बीजाणूच्या जागी हजारो बीजाणू उभे राहतात.

भुरीला पेशी मेलेली नको असते. मेलेल्या पेशीत साखर होत नाही, आणि भुरीला अन्नाचा दुसरा मार्ग नाही. म्हणून ती पेशीला जगविते. भुरी पडलेले पान म्हातारे होऊन पिवळे पडू लागले, तरी कित्येकदा भुरीच्या ठिपक्याभोवतीचा भाग हिरवाच राहतो. शास्त्रज्ञ त्याला हिरवे बेट म्हणतात. सावकार कुळाला उपाशी मरू देत नाही, कारण मेलेले कूळ खंड घालीत नाही! पानाला मात्र हा खंड परवडत नाही. जी साखर फळाकडे जावयाची, ती मधल्यामध्ये जाते. हळूहळू हरितद्रव्यही कमी होते, आणि भोपळा वेलीवरच लहान राहतो.

ह्याच्या अगदी उलट स्वभावाच्या बुरशा आहेत. टोमॅटोच्या जुन्या, खालच्या पानांवर तपकिरी डाग पडतात. त्यांत ओंडक्याच्या कापावर दिसतात तशी एकात एक वलये असतात आणि भोवती पिवळी कड असते. हा अल्टर्नेरिया नावाच्या बुरशीचा करपा. ही बुरशी पेशीत पाहुणी म्हणून राहत नाही. ती आधी मारते आणि मग खाते. तिचे विष तंतूंच्या पुढे पुढे पसरत जाते. डागाभोवतीची ती पिवळी कड म्हणजे बुरशी जेथे अजून पोहोचलेली नाही, पण तिचे विष पोहोचले आहे, असा प्रदेश. शिवाय ती असे रस सोडते की पेशीपेशींना एकमेकींशी सांधणारा लुकणासारखा पदार्थ विरघळतो, आणि भिंती मोकळ्या होतात. पटल फाटते. पेशीचा रस भोवतालच्या हवेच्या पोकळ्यांत गळतो. पुष्कळ रोगांत डाग पडण्यापूर्वी पान त्या जागी पाण्याने भिजल्यासारखे, किंचित पारदर्शक दिसते, ते ह्यामुळे. तो ओलावा दवाचा नसतो, फुटलेल्या पेशींचा असतो. मग तो सुकतो, तपकिरी होतो, आणि आपण म्हणतो पान करपले.

ह्या मारेकऱ्यांत सर्वांत विलक्षण आम्हांस सर्कोस्पोरा वाटते. मिरचीच्या पानावर मध्यभागी फिकट आणि कडेने गडद असा बेडकाच्या डोळ्यासारखा ठिपका दिसतो, तो ह्या कुळातील बुरशीचा. बीट आणि पालक ह्यांवरही तिचे भाऊबंद असतात. ह्या कुळातील पुष्कळ बुरशा एक लाल रंगाचे द्रव्य तयार करतात. ते १९५७ साली जपानी संशोधकांनी वेगळे केले. हे द्रव्य अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असते. त्यावर ऊन पडले की ते उन्हाची शक्ती घेते आणि ती प्राणवायूला देते. असा चेतलेला प्राणवायू पेशीच्या पटलातील स्निग्ध पदार्थ जाळीत सुटतो. ज्या उन्हावर पान जगते, तेच ऊन पानाला मारण्याच्या कामी लावले जाते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. रसायनाच्या ह्या वाटेने आम्ही फार दूर जात नाही. परंतु हे वाचल्यापासून परसातील मिरचीकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

येथे कोणी विचारील, पान हे सारे मुकाट्याने सोसते काय? मुळीच नाही. खुंटी जेथे घुसू पाहते तेथे पेशी आतून भिंतीला ठिगळ लावते, आणि पुष्कळ बीजाणूंचा प्रवास त्या ठिगळापाशीच संपतो. ते अपुरे पडले तर काही जातींच्या झाडांत दुसरा उपाय असतो : हल्ला झालेली पेशी स्वतःच मरते. बुरशी मारीत नाही. पेशी आपण होऊन, काही तासांत, आपला शेवट करून घेते, आणि तिच्याभोवती एक कठीण मृत कडे तयार होते. गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करताना अमेरिकेतील स्टॅकमन ह्यांनी १९१५ साली ह्या अतिसंवेदनशील प्रतिक्रियेला नाव दिले. जिवंत पेशीवाचून ज्या बुरशीचे चालत नाही, तिचे अन्न असे एकाएकी नाहीसे होते. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका राहतो, आणि पान वाचते. ह्या पेशीला हौतात्म्य बहाल करण्याचा मोह भाषेच्या शिक्षकाने आवरलाच पाहिजे, कारण हाच उपाय दुसऱ्या शत्रूपुढे घातक ठरतो. मेलेल्या पेशींवरच ज्या बुरशीचा संसार चालतो, तिला पेशीची आत्महत्या म्हणजे आयते वाढलेले ताट. फळे-भाज्या कुजविणारी जी करडी बुरशी आहे, तिला ही प्रतिक्रिया अडवीत तर नाहीच, उलट मदत करते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे मरावे की जगावे, ह्याचे उत्तर दाराशी कोण आले आहे ह्यावर अवलंबून. पानालादेखील शत्रू ओळखावा लागतो; मग आपण पानावरचा प्रत्येक ठिपका एकाच नावाने का ओळखावा?

काही शत्रू तर दोन्ही सोंगे घेतात. बटाट्याचा आणि टोमॅटोचा जो उशिरा येणारा करपा, त्याचा कारक पहिले दोन-तीन दिवस पेशींना जिवंत ठेवतो, पेशींच्या मधल्या जागेतून पसरतो, मधूनमधून त्यांत शोषक अंगे घालतो. आणि मग एकाएकी त्याच पेशींचा नाश करतो. डाग दिसतो तो हा दुसरा अंक सुरू झाल्यावर. १८४५ साली तो आयर्लंडात पोहोचला. पुढील काही वर्षांत तेथे सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दुष्काळाला केवळ बुरशी कारण नव्हती. एकाच पिकावर जगणारी कुळे आणि त्यांच्याविषयी बेपर्वा असलेले राज्यकर्ते हीही कारणे होती. परंतु आमच्या विषयापुरता महत्त्वाचा भाग वेगळा आहे. कुजलेल्या पानावर पांढरी बुरशी दिसत होती, ती पाहिली अनेकांनी. पण बहुतेक विद्वान म्हणत की पान आधी कुजते आणि मग त्यावर बुरशी उगवते. बुरशी हा परिणाम. कारण म्हणजे गारठा, ओलावा, हवेतील काही दोष. बर्कली नावाचे एक इंग्रज धर्मोपदेशक वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांनी १८४६ साली उलट प्रतिपादन केले, की बुरशी हेच कारण. ते जर्मनीतील द बारी ह्यांनी १८६१ साली प्रयोगाने सिद्ध केले. त्यांनीच पुढे ह्या जीवाला ‘फायटोफ्थोरा’, म्हणजे ग्रीक भाषेत ‘वनस्पतिनाशक’, असे नाव दिले. नाव देण्यापूर्वी त्यांनी पाहिले, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ‘हवाच खराब, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य आजही बांधाबांधावर ऐकू येते. हवेचा वाटा आहेच; पण हवा पेशीत शिरत नाही.

हा फायटोफ्थोरा, काकडीचा केवडा आणि तांबड्या भाजीचा तो पांढरा तांबेरा हे तिन्ही, खरे पाहता, बुरशीच नव्हेत. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचात असते त्या द्रव्याची. ह्यांची भिंत मुख्यतः सेल्युलोजची. त्यांचे नाते समुद्राच्या खडकांवर वाढणाऱ्या तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे. पावसात ह्यांना ऊत का येतो, ते ह्यावरून उमजावे. शेपट्या हलवीत पोहणाऱ्या त्यांच्या बीजाणूंना पानावर पाण्याचा पातळ पापुद्रा लागतो, आणि गोव्यात वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो! (बुरशी म्हटली की शत्रूच, असा मात्र समज नसावा. वारुळावरची अळमी पावसाळ्यात कोणत्या भावाने विकली जाते आणि तरी ती घेण्यास किती गर्दी होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.)

कुळातील ह्या भेदाचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिमसारखे औषध खऱ्या बुरशीच्या पेशीविभाजनात अडथळा आणते. केवड्याच्या वा फायटोफ्थोराच्या पेशीवर ते चालत नाही. गंधकाची भुकटी भुरीवर गुणकारी आहे. केवड्यावर तिचा उपयोग नाही, आणि कडक उन्हात तर काकडीवर्गीय काही वेलींची पाने गंधकानेच भाजून निघतात. मोरचूद आणि चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण ह्या पाण्यातल्या टोळीवर चालते. त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मळ्यांत रस्त्याकडेची द्राक्षे कोणी चोरू नयेत म्हणून वेलींवर हे निळे पाणी शिंपीत. तेवढ्याच वेली केवड्यातून वाचलेल्या मिलार्दे ह्या प्राध्यापकाने पाहिल्या, आणि १८८५ साली त्यांनी हा उपाय जाहीर केला. परंतु मोरचूद काम करतो तो पानाच्या पृष्ठभागावर, बीजाणू अंकुरण्यापूर्वी. शोषक अंग एकदा पेशीत जाऊन बसले की त्याला तेथे मोरचूद गाठू शकत नाही. आमच्या कुळागरांतील माणसांना हे कोणी शिकवावे लागत नाही : पोफळीच्या घोसांवर कोळे रोगाचे औषध ते मिरगाआधीच मारतात, आणि पावसाच्या मध्यावर उघडीप साधून पुन्हा मारतात. पोफळीपुरती ही जाण शाबूत आहे. परसातल्या काकडीपाशी ती कोठे जाते, हे कोडे आहे.

आणि येथेच सर्वांत मोठी गफलत होते. करपलेली पेशी कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवी होत नाही. पटल फाटले ते फाटले. औषध अगदी बरोबर निवडले, वेळेवर मारले, रोग पसरावयाचा थांबला, तरी आधी पडलेला डाग तसाच दिसत राहतो. तो डाग चार दिवसांनी पाहून घरधनी म्हणतो, औषध लागू पडले नाही, आणि पुन्हा फवारतो. मग अधिक कडक औषध आणतो. पाहावयाचा असतो नवा डाग, जुना नव्हे. पान मोजावयाचे असते वरचे, कोवळे. हा एवढा साधा नियम पेशीचे मरण ज्याने समजून घेतले त्याला सांगावा लागत नाही, आणि ज्याने समजून घेतले नाही त्याला कितीही सांगितले तरी पटत नाही. दरम्यान औषधाच्या वेष्टनावर छापलेला, फवारणी आणि काढणी ह्यांमधील दिवसांचा आकडा कोणी वाचीत नाही. भेंडी तर एक दिवसाआड तोडावी लागते! मग त्या सात-आठ दिवसांची भेंडी कोणाच्या पोटात जाते?

आम्हांस ठाऊक आहे, ह्यावर आक्षेप येईल. शेतकऱ्याने पेशी आणि पटल शिकत बसावे काय? त्याला नेमके औषध सांगा म्हणजे झाले. आक्षेप वरवर व्यवहारी आहे, पण औषध सांगणारा प्रत्येक परसात उभा राहू शकत नाही. जुने गोवे येथे केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे, कृषिखात्याची विभागीय कार्यालये आहेत. परंतु तेथेही प्रथम विचारतात तो प्रश्न हाच, की पानावर काय दिसले? त्याचे उत्तर ‘केवडा’ असे एका शब्दाचे आले तर तज्ज्ञाने तरी काय करावे? ‘शिरा हिरव्या आहेत, डाग कोनेदार आहेत, सकाळी पाठीवर करडी लव दिसते’ असे उत्तर नववीतील मुलगी देऊ शकते. असे उत्तर मिळाले की अर्धे निदान झालेच. हे निरीक्षण आहे, आणि निरीक्षण शब्दांत मांडणे हा जितका विज्ञानाचा तितकाच मराठीच्या तासाचा विषय आहे. निबंधाला ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय वर्षानुवर्षे देण्यापेक्षा एकदा ‘दोडक्याचे एक रोगट पान’ हा विषय देऊन पाहावा. विशेषणांची उधळपट्टी आपोआप थांबेल.

साधनांची सबब आता चालण्यासारखी नाही. पेशी हा शब्द ज्यावरून आला तो इंग्रजी शब्द रॉबर्ट हूक ह्यांनी १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ ह्या ग्रंथात प्रथम वापरला; त्याच ग्रंथात गुलाबाच्या पानावरील तांबेऱ्याचे चित्रही आहे. पेशी आणि पानाचा रोग मनुष्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले ते असे एकाच पुस्तकात. आणि आपल्या पाठ्यक्रमात मात्र पेशीची भेट कांद्याच्या पापुद्र्यात होते, बुरशीची शिळ्या पावावर, आणि दोघींची गाठ कधी पडतच नाही. हूक ह्यांचा सूक्ष्मदर्शक आजच्या शाळेतील सूक्ष्मदर्शकापेक्षा पुष्कळ कच्चा होता. शिवाय मनू प्रकाश ह्यांनी २०१४ साली जगापुढे ठेवलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक आता मुलांच्या दप्तरातही मावतो. तोही नसेल तर दहा पट मोठे दाखविणारे साधे भिंग पुरते. त्यातून पेशी दिसणार नाही. पण केवड्याची लव, भुरीच्या माळा आणि पांढऱ्या तांबेऱ्याचे फाटलेले फोड स्वच्छ दिसतात. फुटलेल्या फोडाच्या कडेला बाह्यत्वचेचा पापुद्रा उचलला गेलेला दिसतो. बीजाणूंच्या गर्दीने आतून रेटून तो फाडलेला असतो.

जुनी नावे टाकून द्यावीत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. भुरीला भुरीच म्हणावे. ते नाव सुंदर आहे आणि खरेही आहे. केवड्याच्या बाबतीत मात्र ‘भेंडीचा, शिरांचा’ आणि ‘काकडीचा, पाठीचा’ अशी जोड देण्यास हरकत नसावी. करप्याला वलये आहेत की नाहीत, हे दोन शब्द अधिक बोलल्याने जीभ झिजत नाही.

येत्या पावसाळ्यात शाळेच्या मागील मांडवावर दोडका आणि काकडी चढतील. पानावर पिवळे दिसू लागले की विद्यार्थ्यांनी सकाळी दव सुकण्यापूर्वी यावे, कारण पाठीवरील लव तेव्हाच नीट दिसते. पान देठासह तोडावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवावे. आणि त्याच घडीवर तारीख, वेलीचे नाव आणि आदल्या रात्री पाऊस होता की नव्हता, हे पेन्सिलीने लिहावे. रोगाचे नाव लिहिण्याची घाई करू नये. ती जागा कोरी ठेवावी.